मिस्त्रीबाईंचे दोन थेंब

शस्त्रागाराच्या दारावर पाटी आहे : ‘मिस्त्री. परवानगीशिवाय आत येऊ नये.’ नवा माणूस पाटी वाचतो, आत डोकावतो आणि टेबलामागच्या बाईलाच विचारतो, “मिस्त्री कुठं गेलेत?”

बाई चष्म्यावरून बघते. “गेलेत मसणात. काम काय ते बोला.”

मिस्त्री तीच. तीस वर्षं तीच. त्याआधी त्याच खुर्चीत तिचा बाप होता. लहानपणी शाळा सुटली की ती इथंच येऊन बसायची आणि बापाने उघडलेल्या रिव्हॉल्व्हरचे स्क्रू वाटीत मोजून ठेवायची. पुढं पहारेकऱ्यांच्या दलाने मिस्त्रीची जागा भरायची ठरवली तेव्हा सात गडी आणि ही एकटी, असे आठ उमेदवार परीक्षेला बसले. डोळे बांधून रिव्हॉल्व्हर जोडायचं होतं. गडी अजून चाचपडत होते तोवर हिने जोडून डोळ्यांवरची पट्टीसुद्धा घडी करून ठेवली. तरीही वरून येणारा कागद अजून ‘श्री. मिस्त्री’ याच नावाने येतो. दोनदा तिने दुरुस्त करून परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाली, “जाऊ दे. त्यांना वाटत असेल मी मिशा ठेवते, तर वाटू दे.”

या वर्षी रिव्हॉल्व्हरं मोडीत निघाली आणि चाळीस नवीकोरी पिस्तुलं आली. आपोआप पुढचं काडतूस नळीत भरणारी, वजनाला हलकी, काळी कुळकुळीत. पहारेकऱ्यांनी ती अशी हातात धरली जशी घरात पहिली सून आली. पण हत्यारी पहाऱ्यावर राहायचं असेल तर नव्या पिस्तुलावर परीक्षा देणं भाग होतं. पंधरा गोळ्या, मध्ये खोळंबा नको. तीन संधी, आणि दर वेळी सगळ्यांची रांग. तिन्हींत नापास झाला की हत्यार काढून घ्यायचं आणि फाटकावरच्या वहीपाशी बसवायचं.

पहिल्या दोन संधींत एकच जण नापास झाली. तिला सगळे लांबी म्हणतात. सहा फुटाला दोन बोटं कमी, दोन लेकरांची आई, आणि हत्यारी पहाऱ्यावर उभी राहणारी दलातली एकटी बाई. पहिल्या दिवशी तिच्या पंधरातल्या पाच गोळ्या उडाल्याच नाहीत. चाप ओढला की नुसतं ‘टक’. दुसऱ्या दिवशी चार.

कवायत मास्तरांनी दोन्ही वेळा शेरा लिहिला : ‘मनगट सैल. हत्यार पेलत नाही.’

दुसऱ्या संधीनंतर दुपारी साहेबांनी मिस्त्रीला बोलावलं. साहेब वयाने तिच्या धाकट्या भावासारखे. बोलायला गोड, सहीला घाईचे. मास्तर बाजूलाच उभे होते.

“मिस्त्रीबाई, हत्यारात दोष नाही एवढं लिहून द्या. म्हणजे तिसऱ्या संधीचा तमाशा नको. तिला फाटकावर बसवू, सावली आहे, पंखा आहे.”

“मी तपासते.”

“तपासलंत की! काल तुमच्याच खोलीत पंधराच्या पंधरा उडाल्या म्हणे.”

हे खरं होतं. तिच्या खोलीत कोपऱ्यात वाळूने भरलेलं पिंप आहे, त्यात तिने लांबीचंच पिस्तूल उडवून बघितलं होतं. एकही गोळी चुकली नव्हती.

“उडाल्या,” ती म्हणाली. “पण माझी सही होणार नाही.”

मास्तर हसले. ते आणि ती एकाच वर्षी नोकरीला लागलेले. “बाई बाईची बाजू घेणारच.”

तिने खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि लांबीची न उडालेली नऊ काडतुसं साहेबांच्या टेबलावर उभी केली. “मास्तर, मनगट सैल पडलं की काय होतं? गोळी उडते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडताना अडकते. इथं गोळी उडालीच नाही. आणि ही बुडाची टोपी बघा. पिस्तुलातल्या पिनेने इथं दणका द्यायला पाहिजे. दिलाय का? नुसतं नख लावून सोडलंय. मनगट सैल असो नाहीतर लाकडाचं असो, पीन काय मनगटाला विचारून धावते?”

“काडतुसं खराब असतील.”

“सकाळीच ह्याच पेटीतली वीस उडवून आले. वीसच्या वीस वाजली. आणि मास्तर, इतरांच्याही वाया गेल्यात ना गोळ्या? तुमच्या वहीत सहा जणांना ‘काडतूस खराब’ लिहून पास केलंय. गड्याचं काडतूस खराब आणि बाईचं मनगट, हे कुठल्या पुस्तकात शिकलात?”

मास्तरांची मान लाल झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. “उद्या दहापर्यंत कारण आणा. नाहीतर सही.”

तिने खोलीत येऊन पिस्तूल परत टेबलावर घेतलं. गोळ्यांचं मॅगझिन नीट बसतंय. वरची सरकती स्लाइड पूर्ण पुढे येऊन बंद होतेय. स्प्रिंग नवी. पुन्हा पाच गोळ्या पिंपात मारल्या, पाचही उडाल्या. पिस्तूल जणू तोंडावर हसत होतं. माणसापुढं शहाणं आणि पाठ फिरली की उनाड, अशी पोरं असतात तसं.

लांबी दारात येऊन उभी राहिली. दाराची चौकट तिला नेहमीच थोडी कमी पडते.

“मिस्त्री, राहू द्या. बसते मी फाटकावर.”

“बस की. कोण अडवतंय? पण आधी आत ये, दार लाव, ऊब जातीय सगळी.” टेबलाखाली शेगडी होती. थंडीचे चार महिने ती पायाशीच असते.

लांबीने शेगडीकडे हात पसरले. “तुमच्याकडे बोटं हलतात तरी. तिकडं मैदानावर सकाळी सहाला चाप कुठाय ते डोळ्यांनी बघावं लागतं. त्यात मास्तरांची रांग उंचीने. उंच पहिला. म्हणजे रोज माझाच नंबर. बुटक्यांचं बरं, त्यांची पाळी येईतो ऊन येतं.”

मिस्त्रीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

“पुन्हा बोल.”

“काय?”

“बुटक्यांचं.”

“त्यांची पाळी येईतो ऊन येतं म्हटलं.”

मिस्त्री उठली. रिकामं पिस्तूल पत्र्याच्या डब्यात घातलं, डब्याला कुलूप घातलं, नोंदवहीत वेळ लिहिली, आणि डबा काखेत मारून उपाहारगृहात गेली. तिथल्या फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा उघडून तिने डबा आत सरकवला आणि फ्रिजला पाठ लावून स्टुलावर बसली.

उपाहारगृहवाला आला. “बाई, सरका. दूध काढायचंय.”

“नाही निघणार.”

“अहो, चहाचं आधण ठेवलंय!”

“आज कोरा पाजा सगळ्यांना. चहाचा रंग काळा म्हणून कुणी रडणार नाही.”

“पण आत ठेवलंय काय?”

“माझा राग. गार व्हायला ठेवलाय.”

तास झाला. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून ती जवळजवळ धावतच खोलीत आली, लांबी मागोमाग. शेगडी बंद होती, खिडक्या उघड्या होत्या. पाच काडतुसं भरली, तोंड पिंपात, चाप.

टक.

तिने हात हलवला नाही. पिंपाकडे रोखून सावकाश तीस मोजले. उशिरा उडणाऱ्या गोळीने घात झालेला एक माणूस तिने बघितलाय. मग काडतूस काढलं. टोपीवर नख लागल्यासारखा ओरखडा. पुढची उडाली. पुढची टक. पाचातल्या तीन मेल्या.

“बघितलंस का मनगट?” ती म्हणाली. “माझंसुद्धा सैल झालं. एका तासात.”

लांबी हसली, पण मिस्त्री हसली नाही. पिस्तूल उघडून तिने स्लाइडच्या पोटातल्या अरुंद बोगद्यातून पीन ओढून काढली. पीन सहज यायला हवी होती. ती चिखलातून पाय निघावा तशी निघाली. अंगाला मेणासारखा तपकिरी लगदा. कारखान्यातलं साठवणीचं ग्रीस तर त्यात होतंच, पण आणखी काहीतरी होतं. तिने नाकाशी धरलं.

तो वास ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिच्या बापाच्या सदऱ्याला आयुष्यभर तोच वास यायचा.

पिस्तुलं आली त्या आठवड्यात तिने एकेकाच्या पिनेच्या भोकात तेलाचे दोन थेंब टाकले होते. चाळीसांच्या चाळीस. कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. या खोलीत आलेलं हत्यार दोन थेंब पिऊनच बाहेर जायचं. तेल आणि ग्रीस आत कालवले गेले. ऊब असली की पातळ, गारठा आला की घट्ट. पीन निघायची, पण वाटेतच दमायची.

पिस्तुलांच्या खोक्यात एक माहितीपुस्तक आलं होतं. अजून प्लास्टिकमध्ये. तिने दाताने फाडलं. परकी भाषा, पण चित्रं स्पष्ट. पिनेच्या बोगद्याचं चित्र, शेजारी तेलाचा थेंब, आणि थेंबावर ही मोठी लाल फुली.

लांबीनेही बघितलं.

“कुणाला सांगू नका,” लांबी म्हणाली. “पुसून टाका. तिसऱ्या संधीला माझी उडाली की झालं.”

“आणि तुझ्या नावापुढचं मनगट? ते कशाने पुसू?”

संध्याकाळी घरी बाप खाटेवर बसून रेडिओ उघडून बसला होता. हात कापतात, तरी स्क्रूंचा नाद सुटत नाही. तिने पीन कागदात बांधून आणली होती. समोर धरली.

“दादा, वास घ्या.”

म्हाताऱ्याने घेतला. “आपलं तेल.”

“ह्याने पीन अडली. एका बाईची नोकरी पणाला लागली.”

“माझ्या दोन थेंबांनी? चाळीस वर्षांत एक हत्यार मुकं राहिलं नाही माझं!”

“तुमची रिव्हॉल्व्हरं होती. उघड्या अंगाची. ही पोटात पीन घेऊन फिरतात.”

“मग हत्यार वाईट.”

“हत्यार चांगलं आहे, दादा. आपण अडाणी.”

म्हातारा पिनेकडे बघत राहिला. मग चिडून म्हणाला, “आपण काय आपण? मी निवृत्त माणूस. टाकलेस तू.”

“हो. मीच. तेच लिहिणार आहे.”

“लिही. आणि रेडिओला तरी टाकू का नको, तेवढं सांगून जा.”

सकाळी दहाच्या ठोक्याला तिने साहेबांपुढे एक कागद ठेवला. साहेब वाचता वाचता थांबले. “हे काय? ‘दोष हत्यारात निर्माण झाला, कारण मी स्वतः नको तिथं तेल घातलं’? बाई, असं कुणी लिहितं का? कारखान्यावर ढकला. ग्रीस त्यांचंच होतं ना!”

“त्यांनी पुस्तकात फुली मारून दिलीय. मी पुस्तक उघडलं नाही.”

“तुमच्यावर चौकशी बसेल. तीस वर्षांची नोकरी...”

“बसू दे. खुर्ची आहे माझ्या खोलीत, चौकशीला बसायला. पण खाली दुसरा परिच्छेदही आहे साहेब, तो वाचा.”

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की लांबीच्या आणि बाकी सहा जणांच्या न उडालेल्या गोळ्यांचं कारण एकच आहे, म्हणून ‘मनगट सैल’ हा शेरा खोडावा, आणि दोन्ही संधी रद्द धराव्यात.

“शेरा मास्तरांचा आहे. तो मी कसा खोडू?”

“माझी चूक मी लिहिली. त्यांची त्यांनी लिहावी. शाई लागली तर माझ्याकडून न्या.”

साहेबांनी कागदावर सही केली नाही, पण फाडलाही नाही. “परवाची परीक्षा होऊ दे, मग बघू.”

तो दिवस आणि पुढचा दिवस तिने चाळीस पिस्तुलं उघडली. पिना धुतल्या, बोगदे कोरडे केले. तेलाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर, जिथं लांबीशिवाय कुणाचा हात पोचत नाही, तिथं ठेवून दिला.

परीक्षेच्या सकाळी मैदानावर गवत पांढरं पडलं होतं. बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मिस्त्री कधी मैदानावर येत नाही, ती आली. मास्तरांनी रांग लावली आणि लांबीला म्हणाले, “तू आज शेवटी उभी राहा. ऊन आल्यावर मार. मलाही काळीज आहे.”

लांबीने मिस्त्रीकडे बघितलं.

“काळीज घरी ठेवून या, मास्तर,” मिस्त्री म्हणाली. “रांग उंचीने लागते ना? वर्षानुवर्षं लागते. मग आजच कशाला मोडता? ती पहिली मारेल. ह्याच गारठ्यात.”

“नाही उडाली तर?”

“नाही उडाली तर फाटकावर ती नाही, मी बसेन. वहीत माझं अक्षर चांगलं येतं.”

लांबी पुढे झाली. बोटांवर फुंकर मारली नाही, हात चोळले नाहीत. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. मास्तर बोटांवर मोजत होते, सातव्यापर्यंत मोजून त्यांनी हात खिशात घातले. पंधरावी गेली आणि स्लाइड मागे जाऊन उघडी थांबली, तेव्हा रांगेतला एक बुटका पहारेकरी मोठ्याने म्हणाला, “आता आमचीही मनगटं बघा, मास्तर!”

मिस्त्री गवतात वाकून पुंगळ्या वेचत होती. दव आणि गरम पितळ, बोटं भाजत होती तरी तिने पंधराच्या पंधरा वेचल्या. त्यांतली एक मास्तरांच्या तळहातावर बूड वर करून ठेवली. टोपीत खोल, गोल, मधोमध खळगा.

“शेरा लिहा,” ती म्हणाली. “वही मी आणलीय.”