फोटोपुरते बूट

चौलच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. लढाईवरून परतलेल्यांचा सत्कार. पुढारी माझ्या गळ्यात हार घालायला वाकले आणि त्यांची नजर माझ्या पायांवर गेली. तोंड वाकडं झालं. मागे वळून आपल्या माणसाला म्हणाले, "ह्याचे पाय झाका. टीव्हीवाले आलेत."

मला नाही सांगितलं. टेबलावरचा डाग झाकायला सांगावं, तसं सांगितलं.

माझ्या दोन्ही पायांना बोटं नाहीत. चपलेला कापडी पट्टा बांधून चालतो.

तो माणूस धावत जाऊन कोरे काळे बूट घेऊन आला. "घाला दादा. फोटोपुरते."

बूट मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. चौलच्या त्या उन्हात मला हुडहुडी भरली.

लढाई पेटली तेव्हा आमची तुकडी वाळवंटात होती. तिथून थेट बर्फात चढवली. बर्फातले बूट मागून येतील, असं सांगितलं. आम्ही आहे त्या बुटांवर गोणपाट गुंडाळलं. रेडिओवर भाषण चालू असायचं, जवानांना काही कमी पडू देणार नाही. माझ्या शेजारी भगवान. म्हसळ्याकडच्या भातशेतीवाल्या घरातला. चिखलात वाढलेला. रोज विचारायचा, "बूट आलं काय रं?" मग त्याचे पाय काळे पडले. मग विचारणंही थांबलं. नुसता खालच्या वाटेकडे बघत पडून असायचा. तसा बघतच गेला. शत्रूची गोळी त्याला शिवलीसुद्धा नव्हती.

भगवान अजून येतो. भर दुपारी, दिघीच्या फेरीबोटीत, माणसांच्या गर्दीत. बोलत नाही. माझ्या पायांकडे बघतो.

त्या दिवशी तो मांडवातही होता, पुढाऱ्यांच्या खुर्चीमागे. आणि त्याची आई दुसऱ्या रांगेत. तिलाही सत्काराला आणलं होतं. हातात नारळ.

मी बूट खाली ठेवले. उठलो आणि माईक हातात घेतला. "भगवान गोळीनं न्हाय मेला. त्याला बूट दिलं न्हाईत म्हणून मेला."

पुढारी हसतच जवळ आले. कानाशी म्हणाले, "सरकार पोसतंय ना तुला? मग गप बस."

माईक बंद झाला.

आजवर वरचा माणूस गप म्हणाला की मी गप बसायचो. घरात तेच शिकलो, फौजेतही तेच. त्या दिवशी आतून काहीतरी तुटलं. मी ओरडलो, "ज्यानं आम्हाला वर पाठवलं, त्यानं बूट द्यायचं व्हतं! ते त्याचं काम व्हतं, उपकार न्हाय!"

भगवानची आई उठून माझ्यापाशी आली.

"मला सांगितलं, छातीत गोळी लागली."

"न्हाय, आये."

"थंडीनं?"

"व्हय."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. मग विचारलं, "लगेच गेला काय?"

खोटं बोलता आलं असतं.

"न्हाय, आये. लई वेळ लागला."

ती रडली नाही. नारळ पुढाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मांडवाबाहेर निघाली. मी तिच्या मागोमाग.

आता मला हार नको. ते बर्फातले बूट कुणी अडवले, त्याचं नाव हवंय. आमच्या शौर्याचं भाषण जिथं होईल तिथं मी उघड्या पायांनी जाऊन उभा राहणार आणि ते नाव मागणार. हाकलतील. पुन्हा जाईन. पुढच्या सभेला भगवानची आई माझ्यासोबत आहे.