म्हशीला विचारून ठरलेली सहल

ऊस कारखान्याला गेला, पोरांच्या परीक्षा आटपल्या आणि आमच्या मालकांच्या अंगात हैदराबाद शिरलं. कुणीतरी त्यांना मोबाईलवर तिथल्या मोठ्या पार्कचा व्हिडिओ पाठवला होता. पाळणे, उलट्यापालट्या होणाऱ्या गाड्या, खोटे किल्ले, खोटे रस्ते. ज्या माणसाला शेतातून जेवायला बोलवायचं तर फोन करकरून माझा जीव जातो, तो माणूस सकाळी चहाच्या आधी लेकीला विचारायला लागला, "त्या उलट्या गाडीत चष्मा पडत न्हाय ना गं?"

मग रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक. इंदापूरला हायवेला जायचं आणि तिथून ट्रॅव्हल्स पकडायची, इथवर एकमत. पुढं सगळं भांडण. पोराला पाण्यातल्या घसरगुंड्या पाहिजेत, लेकीला फोटो. यांचा जीव चटणीत अडकलेला. "तिकडच्या भाताला घरची चटणी लागंलच," म्हणून डबाभर शेंगदाणे मला कुटायला लावले. मी म्हणाले, "अवं, सहलीला चाललोय का ऊस तोडायला?"

या सगळ्यात सासूबाईंचं नाव कुणी घेतलंच नाही. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या म्हणजे गोठा, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं की त्यात विचारायचं काय? त्याही म्हणाल्या, "जावा, जावा. मी हाय की म्हशीपाशी."

एका दुपारी मी वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले, तर आत्या लेकीशेजारी तिच्या मोबाईलात डोकं घालून बसलेल्या. पडद्यावर मोठा पाळणा गरगर फिरत होता.

"ह्यात लुगड्यातल्या बायका बसू देत्यात का गं?"

"देतात की. का गं आजी?"

"काय न्हाय. जत्रंत कवा बसलेच न्हाय मी. पोरांना वर बसवायचं आन् सगळ्यांच्या चपला धरून खाली हुबं ऱ्हायाचं."

मला राग आला, आम्हा सगळ्यांचाच. त्याच दिवशी बैठकीत मी सांगून टाकलं, "आत्या येणार असल्या तरच मी येते. न्हायतर तुमचं हैदराबाद तुमच्यापाशी ठेवा."

हे गडबडले. "अगं, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण म्हशीचं काय?"

खरी मेख तीच. आमची म्हैस आत्यांशिवाय कुणाला धार काढू देत नाही. शेजारचे तात्या तिथंच बसले होते. ते छातीवर हात मारून म्हणाले, "म्या बघतो की चार दिस. म्हस हाय का वाघ?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यात गेले आणि बादली एकीकडे, तात्या दुसरीकडे. शेणातून उठता उठता म्हणाले, "हिला वैनीचाच वास लागतो. त्यांचं लुगडं गुंडाळून बसा कुणीतरी."

हा आमच्याकडचा जुना तोडगा. घरातली बाई आजारी पडली, की तिचं अंगावरचं लुगडं नेसून दुसरीनं धार काढायची. आत्यांनी लुगडं बदललं आणि मीच आधी बसले. म्हशीनं लुगडं हुंगलं, मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लाथ झाडली. सुनेला सासूचं लुगडं पुरत नाही, एवढी अक्कल म्हशीलाही आहे.

"आता तुमी, तात्या."

"छ्या! माझ्या मिशा बघून बावचळंल ती."

मग उरले हे. व्हिडिओ काढायला सरसावलेल्या लेकीला मी आधी घरात पिटाळलं आणि यांना पँटवरूनच लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर दिला. आत्या दिसू नयेत म्हणून भिंतीआड थांबल्या. हे पायात बादली धरून बसले, म्हशीच्या पाठीवर थाप टाकली आणि "हूं बाय, हूं" केलं. अगदी आईसारखं. कधी शिकले होते कोण जाणे. म्हशीनं हुंगलं, पुढ्यातल्या पेंडीच्या अंबोणात तोंड घातलं आणि पान्हा सोडला.

"आलं! आये, दूध आलं बघ!" हे ओरडले. इतका आनंद त्यांना उसाचा भाव वाढल्यावरही झालेला मी बघितला नव्हता.

"जमलं की राव!" तात्या म्हणाले. "आता समदी निवांत जा..." आणि मध्येच थांबले.

आम्हाला एकदमच उमजलं. यांच्या हाताला म्हैस लागली, म्हणजे धार यांनीच काढायची. म्हणजे हे घरी. यांनाही उमजलं, कारण बादलीतला चर्र चर्र आवाज बंद झाला. पदराखालून त्यांनी भिंतीकडं असं बघितलं, की मला हसूही आलं आणि त्यांची दयाही.

आत्या बाहेर आल्या. त्या आता काय म्हणणार, हे आम्हाला पाठ होतं. ऱ्हाऊ दे बाबा, तूच जा. घरातला चांगला आंबा असो, नवी रजई असो, आजवर दुसरं काही त्यांच्या तोंडून आलंच नव्हतं. मी मनात म्हणत होते, आत्या, नका म्हणू. एवढ्या वेळी नका म्हणू.

त्यांनी लेकाच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला.

"अंबोणात कसूर करू नगंस," त्या म्हणाल्या. "लबाड हाय ती."

आणि घराकडं तोंड करून नातीला हाक मारली, "माझं नाव घाल गं तिकिटात."