चिखलात रुतलेली जीप

ओढ्याकाठच्या चिखलात जीप रुतली, तेव्हा मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. जीप माझ्या मित्राची, नंद्याची. डोंगरातल्या कच्च्या वाटेवर चालवायला मी हट्टाने मागितलेली. चाकं जागीच गरगरली आणि जीप पोटापर्यंत खाली बसली. शेजारी बसलेला नंद्या उतरून पुढे गेलेल्या मित्रांकडून दोर आणायला निघाला.

मी बॉनेटवर बसून राहिलो. चाकाने खणलेल्या खड्ड्यातलं पाणी हळूहळू निवळलं, त्यात आभाळ दिसू लागलं. वाटलं, आपण अडकलो की जोरच लावत राहतो; जरा थांबलो तर गढूळपणा आपोआप खाली बसतो. इतकं मोठं काही सुचल्यामुळे मला बरंच वाटलं. नंद्या परतल्यावर त्यालाही ते ऐकवलं.

दोराची गाठ आवळत तो म्हणाला, "चिखलात बसूनच शहाणा होणार असशील, तर पुढच्या वेळी स्वतःची गाडी आण."