शनिवारची सुट्टी मिळंना

लग्न होऊन मी गंगाखेडला आले आणि नवऱ्याबरोबर मुंबईला जायचं सोडून सासरच्या चुलीपुढंच अडकले. कारण काय, तर आमच्यात लग्नानंतर जोडीनं पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेतल्याशिवाय संसार मांडायचा नाही. त्यात सासूबाईंचा हट्ट, दर्शन शनिवारीच. आणि शनिवार उजाडायच्या आत ह्यांची रजा संपली!

हे मुंबईच्या विमानतळावर नोकरीला. प्रवाशांची तिकिटं तपासायची, बॅगा वजन करायच्या. मला काय माहीत, विमानवाल्यांना रविवार नसतो म्हणून? माझे वडील ताडकळसला मास्तर. नोकरी म्हणजे रविवार, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढंच मी पाहिलेलं. ह्यांचं पत्र यायचं, या आठवड्याला सोमवार-मंगळवार सुट्टी, पुढच्याला बुधवार-गुरुवार. ड्युटीचा तक्ता लागतो, त्यात येईल ते आपलं. मी कॅलेंडरपुढं उभी राहून ह्यांच्या सुट्टीत शनिवार कधी येतो ते बोटांवर मोजायची. तो जवळ आला की तक्ताच बदललेला असायचा. डोकं नुसतं भणभणायचं.

मग पत्रातून एक नवाच शब्द आला, स्टँडबाय. म्हणजे खोलीवर बसून राहायचं, पण कुठं जायचं नाही. कुणी आजारी पडलं, विमान रखडलं, की कंपनीची गाडी दारात येणार आणि हे निघणार. मी पत्र वाचून दाखवलं तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "मंजी कामावर हाय का घरी हाय?"

"दोन्ही," मी म्हणाले. मला तरी कुठं कळलं होतं?

"आसं कसं? बैल एक तर औताला आसतो, न्हाई तर गोठ्यात."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी तर सरळच विचारलं, "घरी बसून पगार खायलाय आन बायकूला न्यायला येईना? काही तरी काळंबेरं हाय."

झालं! ते काळंबेरं माझ्या मनात घर करून बसलं. शेजारची एक बाई नात्यानं माझी जाऊ लागायची, ती हसत हसत म्हणाली, "विमानातल्या पोरी लय देखण्या आसतात म्हणं." मी वरवर हसले आणि आत जाऊन कणीक अशी तिंबली की काटवट हलायला लागली. हा माणूस खरंच अडकलाय की मला टाळायलाय? एक दिवस वाटायचं, बिचारा. दुसऱ्या दिवशी वाटायचं, लबाड.

एका शनिवारी हे आले खरे. पण त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसटी स्टँडातनं निघालीच नाही. संध्याकाळी परत निघाले तेव्हा माझा तोल गेला. "तुमच्या सायबाला बायको न्हाई का हो?"

"आहे," हे म्हणाले. "तीबी त्याला हेच विचारती."

आता यावर माणसानं चिडावं का हसावं?

पुढं पत्र आलं, मुंबईत दोघांपुरती वेगळी खोली मिळाली, बुधवारी न्यायला येतो. त्यानंतर गर्दीचा हंगाम, सगळ्यांच्या रजा बंद, मग कधी येणं होईल सांगता येत नाही. आत्याबाईंनी मान हलवली. "बुधवारी जमायचं न्हाई. आपला शनवार."

आणि कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हणाले, "आत्याबाई, आपला देव दिवसा आला का रात्री?"

"ना दिवसा, ना रात्री. तिन्हीसांजंला, उंबऱ्यात."

"मग ज्यानं दिवस बघितला न्हाई, रात्र बघितली न्हाई, तो आता वार बघत बसलाय व्हय?"

ओसरीवर मामंजींना हसू आवरेना. आत्याबाई मात्र माझ्याकडं बघतच राहिल्या. "लय जीभ चालायलीय तुजी," म्हणाल्या. भाकरी थापून झाल्यावर चुलीकडं बघतच बोलल्या, "जाताना नारळ घ्या म्हणावं."

बुधवारी आत्याबाईंना घेऊन गेलो, तर पोखर्णीच्या देवळात चिटपाखरू नव्हतं. जोडीनं दर्शन झालं, नारळ फुटला. मी आत्याबाईंबरोबर प्रसाद घेऊन बाहेर आले तर हे पायरीवर बसल्या बसल्या गाढ झोपलेले. लग्नापासून ह्यांचं तोंड मी असं उजेडात, निवांत बघितलंच नव्हतं. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले, बूटसुद्धा ड्युटीवरचेच. आणि मी ह्या माणसाला लबाड म्हणत होते!

"उठव त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "एसटी यायलीय."

"जाऊ द्या ती एसटी. आज सुट्टी हाय त्यांची," म्हणत मी ह्यांच्या एका अंगाला बसले.

आत्याबाई पदर सावरून ह्यांच्या दुसऱ्या अंगाला येऊन टेकल्या, झोपेत लेकरू कलंडू नये म्हणून.