रविवारपर्यंत

हरसूलच्या ललिता भोयेनं दहावीला इंग्रजीत जेमतेम पास होऊन पुस्तकं मिटली, ती कायमचीच. लग्न होऊन ती देवळाली कॅम्पला आली आणि सत्त्याण्णव साली तिच्या नवऱ्यानं, चंदरनं, बाजारात एसटीडी बूथ टाकला. तिथं मात्र दिवसभर इंग्रजी कानावर पडायचं. लष्करातल्या साहेबांचे फोन यायचे, आणि त्यांचे निरोप ललिता त्यांच्या बायकांना जिव्हाळ्यानं सांगायची.

सुसन मॅडम त्यांतल्याच एक. केरळच्या, हिंदीही तोडकंमोडकं. त्यांचे साहेब सीमेकडे गेले होते. तिथल्या छावणीचा नंबर मॅडमकडे होता, पण लाइन क्वचितच लागायची. एका दुपारी साहेबांचाच फोन आला. "टेल हर, आय ॲम हिअर टिल संडे," एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

ललितानं मनात मराठी केलं : रविवारपर्यंत. संध्याकाळी मॅडम आल्या तेव्हा पुन्हा त्याचं इंग्रजी केलं. "साहेब हिअर, बाय संडे!"

मॅडमनी तिला मिठीच मारली. पडदे धुतले, मासे आणले, आणि रविवारी फलाटावर एकेक गाडी बघत उभ्या राहिल्या. साहेब आले नाहीत.

सोमवारी त्यांनी बूथवरून छावणीत फोन लावला. तुकडी पुढं गेली होती. नव्या ठिकाणी फोन नव्हता.

"साहब क्या बोला था? ठीक से बोलो."

ललितानं साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मॅडमचा चेहरा उतरला. "वो तो संडे तक वहीं था. मेरे फोन का राह देखता था," त्या म्हणाल्या. "उसको बताना था, बेबी आनेवाला है." आणि निघून गेल्या.

रात्री ललितानं चंदरला सगळं सांगितलं.

"जाऊन माफी माग," चंदर म्हणाला. "घरात बसून काय व्हनार हे?"

ती त्यांच्या क्वार्टरवर गेली. तिनं माफी मागितली तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. मग बाजूला झाल्या, चहा ठेवला.

"तेरा बूथ कब तक खुला?"

"नौ बजे तक."

"नौ तक खुला ही रहता. वो टिल. और ब्लाउज संडे तक सिलना है, तो शनिवार को भी मिल सकता. वो बाय."

"आमच्यात दोन्हीला 'पर्यंत'च म्हणत्यात, मॅडम," ललिता रडवेली होऊन म्हणाली. मॅडमना हसू आलं. तेव्हापासून दुपारच्या वेळी तिची शिकवणी सुरू झाली.

थंडी सुरू झाल्यावर साहेबांचा फोन आला. ललितानं श्वास घेतला. "कॉल अगेन इन हाफ ॲन अवर, सर. शी विल बी हिअर बाय देन." शटर अर्धं ओढून ती क्वार्टरकडं पळाली.

अर्ध्या तासानं बूथवर मॅडम फोनवर मल्याळममध्ये बोलत होत्या, मध्येच रडत होत्या. ललिता बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

पुढं मुलगी झाली, साहेबांची बदली झाली, ते सगळे निघून गेले. मोबाइल आले तसा बूथही बंद पडला, आणि ललिता नाशिकरोडला एका दवाखान्यात स्वागतकक्षात लागली. डॉक्टर कधी येणार, असं कुणी इंग्रजीत विचारलं की ती क्षणभर थांबते, आणि मगच सांगते.