सापासाठी घरच्या वाडीतली गादी

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिने पाळलेला परदेशी साप, सरकारी कागदपत्रांसकट, नागावला माझ्या स्वाधीन करून गेली. "बाबा, पेटीत खाली जुने पेपर घाला. स्वतःची अक्कल लावू नका," एवढीच तिची अट.

नारळाच्या वाडीचा मालक मी, आणि माझा पाहुणा रद्दीवर झोपणार? शिवाय नारळाचा भुसा सापांना मानवतो, हे मी मोबाइलवर वाचलंही होतं. तो आधी धुऊन, तापवून, वाळवून घ्यावा, असं त्याखाली लिहिलं होतं. पण विद्वान माणूस इतक्या खालपर्यंत वाचत नाही. रद्दी मी ऐटीत विकून टाकली. आंघोळीच्या चुलीसाठी मागे रचलेली नारळाची सोडणं हाताने पिंजली आणि पेटीत चार बोटं जाड गादी घातली.

सकाळी साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला होता. "समुद्रकिनारी आलाय, डुंबणारच," मी बायकोला समजावलं. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, कॅमेरा खाली करा. अजून खाली."

गादीभर लाल मुंग्या फिरत होत्या.

"बघ गं," बायको म्हणाली, "पाहुण्याच्या सोबतीला तुझ्या बाबांनी वऱ्हाड बोलावलंय."

मुलगी हसली नाही. ती रडवेली झाली, तेव्हा माझी अक्कल जागेवर आली. सापाला उचलून मुंग्या झटकल्या, पेटी धुतली. सुदैवाने त्याला काही झालं नव्हतं.

पण घालायला रद्दी कुठे होती? त्या दिवसाचा कोरा पेपर घातला आणि चष्मा लावून, सापाच्या कडेने दिसतील तेवढ्या बातम्या काचेतून वाचल्या.