ऑडिशनला समोरचे संवाद मी वाचले

कॉलेजात असताना यवतमाळच्या नाट्यस्पर्धेत आम्ही दोघी मैत्रिणी एकाच नाटकात होतो. मी नायिका, ती शेजारीण. तिला चार वाक्यं होती. त्यातलं एक ती ऐन प्रयोगात विसरली आणि मी ते माझ्या संवादात घालून निभावून नेलं. अभिनयाचं प्रमाणपत्र मला मिळालं. आज ती अमेरिकेत नटी आहे आणि मी बाभुळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हे कितीही सरळ लिहायला गेले तरी दात आपोआप आवळले जातात.

लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा तिला धड इंग्रजी येत नव्हतं. व्हिसाच्या मुलाखतीची उत्तरं मीच तिच्याकडून पाठ करून घेतली होती. तिथे हौशी नाटकवाल्यांकडे ती आधी कपडे शिवायला जायची. एकदा कुणी आजारी पडलं आणि हिला मोलकरणीची भूमिका मिळाली. मग दुसरं नाटक, तिसरं. दिवसभर दुकानात उभी राहायची, संध्याकाळी उच्चारांच्या शिकवणीला जायची. पुढे मालिकांमधून नर्स झाली, टॅक्सीवाल्याची बायको झाली, कोर्टातली दुभाषी झाली. हे सगळं ती फोनवर सांगायची आणि मी "अरे वा" म्हणायचे. एका हॉस्पिटलच्या मालिकेत ती दिसली तेव्हा मी तो भाग मोबाइलवर तीनदा पाहिला. नवऱ्याला वाटलं, कौतुकानं. मी तिचा चुकलेला उच्चार शोधत होते. सापडला नाही.

मागच्या हिवाळ्यात ती आईला भेटायला यवतमाळला आली आणि दोन दिवस माझ्याकडे राहिली. मी भरड्या डाळीचे गोळे घालून गोळाभात केला. जेवताना तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या माझ्यापेक्षा जास्त आहेत हे पाहून मी तिला अजून एक गोळा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिच्या एजंटचा निरोप आला. एका सिनेमात आईचं काम होतं. एक प्रसंग मोबाइलवर स्वतःच चित्रित करून पाठवायचा होता. मुलीचे संवाद मोबाइलमागून कुणीतरी वाचायचे.

"तू वाच ना," ती म्हणाली. "तुझ्यासारखं इंग्रजी इथं कोणाचं हाय?"

बेडरूमच्या पांढऱ्या भिंतीपुढे ती खुर्चीवर बसली. समोर टेबलावर तांदळाचा डबा आणि त्याला टेकवलेला मोबाइल. मुलगी घर सोडून निघाली आहे आणि आई तिला थांबवत नाही, असा प्रसंग. संवाद बहुतेक मुलीचेच होते. मी वाचायला लागले आणि मला काय झालं कोण जाणे, आवाज चढला, एका वाक्याला तर मी चक्क हुंदका दिला.

"थोडं हळू वाच वं," ती म्हणाली. "तुझाच आवाज येऊन राह्यला."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं उठून मोबाइल बंद केला. "काहून करून राह्यली असं?"

"प्रसंगात जीव नको का?"

"जीव मी ओतते. तू नुसतं वाच."

"मले नको शिकवू," मी म्हणाले. "चार वाक्यं पाठ नव्हती राहात तुले."

ती चिडली नाही. "हो ना. म्हणून तं शिकावं लागलं," म्हणाली आणि पुन्हा खुर्चीवर बसली.

चौथ्यांदा मी नुसतं वाचलं आणि तेव्हा कुठे मला ती दिसली. ती काहीच करत नव्हती. फक्त तिची बोटं ओढणीच्या काठावरून अशी फिरली, जणू जाणाऱ्या मुलीच्या बॅगेची चेन लावून देतेय. मी वाचता वाचता अडखळले. त्या जागी मी किंचाळले असते. आपण तिकडे गेलो असतो तर हिच्या पुढे असतो, हे मी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. ते माझ्याच बेडरूममध्ये सुटलं. पण जळफळाट कमी झाला नाही, उलट वाढला. नशिबाला निदान शिव्या तरी घालता येतात.

तीन आठवड्यांनी सकाळी तिचा फोन आला. काम दुसरीला मिळालं होतं. "फार वाईट वाटलं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि गुणगुणत भाजी फोडणीला टाकली. गुणगुणतेय हे कळलं तेव्हा स्वतःचीच किळस आली. दिवसभर वर्गात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मीच तिला फोन केला.

"सकाळी मी खोटं बोलली. तुले काम भेटलं नाही तं मले बरं वाटलं."

पलीकडे कपबशीचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "माहीत हाय मले. खोटं बोलतानी तुझा आवाज स्टेजवरचा होते." आणि ती रडायला लागली. "पण अशी मैत्रीण कायले पाहिजे वं मले?"

त्यानंतर दोन महिने तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मग परवा तिनं स्टेजच्या मागून काढलेला एक फोटो पाठवला. तिच्या शहरातल्या नाटकात ती मुख्य भूमिकेत आहे. प्रयोग संपलाय आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. मी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. "पहिल्या रांगेत दोन जागा रिकाम्या हायेत," मी लिहिलं. "पाहून जरा बरं वाटलं."

लगेच उत्तर आलं. "तिसऱ्या रांगेत पाह्य. तिथं एक बुढा झोपला हाय."